लघुमूर्तिसंग्रह

लघुमूर्तिसंग्रह : हातात घेऊन न्याहाळता येतील अशा प्राचीन व जुन्या मूर्ती जमवणे, त्यांची पारख, नोंद व जतन करणे. 'लघुमूर्ती' या संज्ञेला उंचीची काटेकोर मर्यादा नाही. जपानी नेत्सुके (कमरपट्ट्यात पिशवी अडकवण्याच्या कोरीव खुंट्या) ३ ते ५ सेंमी. असतात, ग्रीक मृण्मूर्ती बहुधा १० ते २५ सेंमी. भरतात, चीनमधील थांग राजवंशाच्या काळातल्या थडग्यांतील घोडे व उंट मात्र कधी कधी मीटरभर उंचीचे असूनही याच वर्गात धरले जातात. माती, दगड, हाडे, हस्तिदंत, काशे, फेयन्स (चकाकीचा लेप दिलेले भाजलेले द्रव्य), चिनी माती ही त्यांची नेहमीची माध्यमे. जकातीचे कायदे व व्यापारी संकेत यांनुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू 'अँटिक' ठरते. 'प्राचीन' हा शब्द पुरातत्त्वात त्याहून पुष्कळ मागच्या काळासाठी वापरतात. बाजारात या दोहोंची सर्रास सरमिसळ होते, आणि ती नेहमीच अजाणतेपणी होते असे नाही.

आद्य मूर्ती व त्यांचा अर्थ : जर्मनीतील होले फेल्स गुहेत २००८ मध्ये सापडलेली मॅमथच्या सुळ्याची सुमारे ६ सेंमी.ची स्त्रीमूर्ती ३५,००० वर्षांहून जुनी मानली जाते. ऑस्ट्रियातील विलेन्डॉर्फ येथे १९०८ मध्ये मिळालेली चुनखडीची मूर्ती ११.१ सेंमी. उंच असून तिच्यावर तांबड्या गेरूचे अंश आहेत. तिचा काळ पूर्वी २५,००० वर्षांच्या आसपास धरत, अलीकडे तो ३०,०००च्या जवळ नेण्याकडे कल आहे. मोराव्हियातील (आजचे चेक प्रजासत्ताक) दोल्नी व्हेस्तोनित्से येथील मूर्ती भाजलेल्या मातीची आहे. म्हणजे मातीची भांडी घडण्यापूर्वी हजारो वर्षे माणूस मूर्ती भाजत होता. या सर्वांना 'व्हीनस' म्हणण्याची रूढी एकोणिसाव्या शतकातील असून ती दिशाभूल करणारी आहे. सर्व आद्य स्त्रीमूर्ती एका महामातेच्या होत हे मत एके काळी फार लोकप्रिय होते. पीटर अको यांनी १९६८ मध्ये ईजिप्त व क्रीट येथील मूर्तींची छाननी करून दाखवले, की बाहुल्या, शिकवणीची साधने, नवसाच्या वस्तू असे अनेक उपयोग संभवतात आणि मूर्ती कोठे, कशासोबत व कोणत्या अवस्थेत मिळाली हे पाहिल्याशिवाय त्यांतून निवड करता येत नाही. हे मत अधिक ग्राह्य वाटते. संग्राहकाच्या फडताळातील मूर्ती नेमक्या याच प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही.

संग्रहाचा उगम : हा छंद केव्हा सुरू झाला याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तो यूरोपीय प्रबोधनकाळाचा. परंतु रोमन पुरावे पाहता तो बराच मागे न्यावा लागतो. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने कॉरिंथियन काशाच्या मूर्तींचा नाद लागलेल्या रोमनांची नोंद केली आहे. वक्ता हॉर्टेन्सिअस आपला अशील व्हेरेस याच्याकडून मिळालेला स्फिंक्स सोबत घेऊन हिंडे, तर सम्राट नीरो एका ॲमेझॉन स्त्रीची मूर्ती प्रवासातही जवळ बाळगी. सॅटर्नेलियाच्या उत्सवात मातीच्या छोट्या मूर्ती भेट देण्याचा प्रघात होता, पण त्या नव्या असत; तो संग्रह नव्हे.

या संदर्भात नोव्हिअस व्हिन्डेक्स या रोमन रसिकाकडील हर्क्युलीझच्या मूर्तीचे उदाहरण मोलाचे आहे. स्टेशिअस व मार्शल या पहिल्या शतकातील दोन्ही कवींनी तिचे वर्णन केले आहे. सिंहचर्म अंथरलेल्या खडकावर बसलेला वीर, एका हातात पेला, दुसऱ्यात गदा. उंची फूटभरही नाही. ती ग्रीक शिल्पकार लायसिपसची कृती असून अलेक्झांडर, हॅनिबल व रोमन हुकूमशहा सला यांच्याकडून आली, असे यजमान पाहुण्यांना सांगत. या वंशावळीवर आज फारसा कोणी विश्वास ठेवत नाही. लायसिपसच्या मूळ रचनेच्या लहानमोठ्या अनेक प्रतिकृती त्या काळी प्रचलित होत्या. तरीही मूर्तीच्या घडणीइतकेच तिच्या पूर्वीच्या धन्यांच्या नावांना मोल द्यायची रीत येथे पुरती तयार दिसते. बोलीभाषेत सांगायचे, तर वस्तूबरोबर तिची गोष्टही विकली जात होती.

प्रबोधनकाळात इटलीत या छंदाने पुन्हा उचल खाल्ली. फिलारेते याने मार्कस ऑरीलिअसच्या अश्वारूढ पुतळ्याची काशाची छोटी प्रतिकृती केली. तिच्यावरील लेखानुसार ती १४६५ मध्ये पिएरो दे मेदिची यास भेट दिली गेली. मांतुआच्या इझाबेला देस्तेसाठी काम करणारा पिएर याकोपो बोनाकोल्सी तर प्राचीन मूर्तींच्या लघुप्रतिकृतींमुळे 'आंतिको' याच नावाने ओळखला जाऊ लागला. अशा प्रतिकृती बनवेगिरीच्या हेतूने केलेल्या नव्हत्या. मात्र १४९६ च्या सुमारास तरुण मायकेलअँजेलोने घडवलेला निद्रिस्त क्यूपिड कार्डिनल रिआरिओला प्राचीन म्हणून विकला गेला, हे प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या काउंट द केलूने (१६९२–१७६५) भव्य पुतळ्यांऐवजी मोडक्या, सामान्य लघुवस्तू अभ्यासासाठी जमवल्या. शास्त्रशुद्ध संग्रहाची सुरुवात त्याच्यापासून धरणे योग्य होईल.

टनाग्रा मृण्मूर्ती : ग्रीसमधील बीओशिया प्रांतात टनाग्रा या प्राचीन नगराच्या दफनभूमीत १८७० पासून स्थानिक गावकऱ्यांनी थडगी उकरण्यास सुरुवात केली. अंगावर वस्त्र लपेटलेल्या, पंखा वा टोपी धारण केलेल्या स्त्रियांच्या नाजूक मूर्ती हजारोंनी बाहेर आल्या आणि पॅरिस, बर्लिन व लंडन येथे त्यांची लाटच उसळली. ग्रीक पुरातत्त्वज्ञ उत्खननास पोहोचले तोवर बहुतेक दफनभूमी पालथी झाली होती. परिणामी या स्त्रिया मर्त्य की देवता, आणि त्या स्त्रियांच्याच थडग्यात ठेवत की बालकांच्याही, यांविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. नावही फसवे आहे. ही शैली बहुधा अथेन्समध्ये इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आली आणि तेथून बीओशिया, कॉरिंथ, ॲलेक्झांड्रिया व आशिया मायनरमधील मिरीना येथे पसरली, असे मत आता सर्वसाधारणपणे मान्य आहे.

अशी मूर्ती उलटी करून पाहिली, की तिची घडण उलगडते. पुढचा भाग साच्यात दाबून काढलेला असतो. पाठ बहुधा सपाट, ढोबळ, हाताने बसवलेली. पाठीत चौकोनी वा गोल झरोका कापलेला असतो, तो भाजताना वाफ बाहेर जावी म्हणून. त्यातून आत पाहिल्यास साच्यात माती चेपताना उमटलेले बोटांचे ठसे अनेकदा स्पष्ट दिसतात. डोके व हात वेगळ्या साच्यांतून काढून ओल्या मातीने जोडत. त्यामुळे एकाच धडाला निरनिराळी डोकी बसवून पुष्कळ प्रकार तयार होत. भाजण्यापूर्वी पांढऱ्या मातीचा लेप देत आणि रंग भाजल्यानंतर लावत. निळा, गुलाबी, क्वचित सोन्याचा वर्ख. हे रंग पक्के नसल्याने पाण्याने धुतल्यास जातात. अशा मूर्ती घडवणाऱ्यांना ग्रीक भाषेत 'कोरोप्लाथोस' म्हणजे 'मुली घडवणारा' म्हणत. खऱ्या मूर्ती अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा एकीचे डोके दुसरीच्या धडाला जोडणे सुरू झाले आणि पुढे 'आशिया मायनरमधील गट' या नावाखाली संपूर्ण बनावट समूहशिल्पे विकली गेली. त्यांतील गोड हावभाव एकोणिसाव्या शतकाच्या अभिरुचीचे आहेत, हे आज सहज दिसते. त्या काळच्या जाणकारांना ते दिसले नाही.

सिक्लाडीझ मूर्ती : ईजियन समुद्रातील सिक्लाडीझ बेटांवरील संगमरवरी मूर्ती (सु. इ. स. पू. २८००–२३००) हात पोटावर घडी घातलेल्या, चेहऱ्यावर केवळ नाक कोरलेल्या अशा असतात. एकोणिसाव्या शतकात त्या ओबडधोबड गणल्या जात. ब्रांकूश, मोदिल्यानी, हेन्री मूर यांच्या कलेने नजर घडवल्यावर त्यांना सौंदर्य लाभले आणि पाठोपाठ लुटारूही. डेव्हिड गिल व क्रिस्टोफर चिपिन्डेल यांनी १९९३ मध्ये केलेल्या मोजदादीनुसार ज्ञात सुमारे १,६०० मूर्तींपैकी केवळ १४३ पुरातत्त्वीय उत्खननातून आलेल्या आहेत. मूर्ती शोधण्याच्या भरात बेटांवरील बहुसंख्य दफने नष्ट झाली, असा त्यांचा अंदाज आहे. हजारो थडगी मूर्तीविनाच निघाली असणार. ती फोडून टाकून दिली गेली.

शैलीवरून प्राचीन शिल्पकार ओळखून त्यांना 'अमुक संग्रहाचा शिल्पी' अशी नावे देण्याची पद्धतही रूढ झाली. ज्या नमुन्यांवर ही वर्गवारी उभी आहे त्यांतील बनावट किती, हे ठाऊक नसताना तिच्यावर फार विसंबणे धोक्याचे, हा आक्षेप रास्त आहे. उलट कॉलिन रेन्फ्र्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरोस बेटावर २००६ ते २००८ या काळात केलेल्या उत्खननात आढळले, की मूर्ती मुद्दाम तोडून, तुकड्यांच्याच रूपात, दुसऱ्या बेटांवरून तेथे आणून पुरल्या होत्या. अखंड मूर्तीला अधिक भाव देणाऱ्या बाजाराला ही गोष्ट कधीच कळली नसती. पांढराशुभ्र संगमरवर हाही आधुनिक समज; डोळे, केस व गालांवरील रेषा निळ्या-तांबड्या रंगांत काढलेल्या असत. पूर्वी आम्लाने घासून केलेल्या सफाईत त्या बऱ्याच ठिकाणी गेल्या.

बनावट व परीक्षा : भाजलेल्या मातीसाठी तापदीप्ती अर्थात थर्मोल्युमिनसन्स ही कसोटी १९६० नंतर ऑक्सफर्ड येथे विकसित झाली. मातीतील क्वार्ट्झ व फेल्डस्पार यांचे कण परिसरातील किरणोत्साराची ऊर्जा साठवत राहतात; भट्टीत तो साठा शून्यावर येतो व तेथून पुन्हा मोजणी सुरू होते. झाकलेल्या जागी गिरमिटाने काढलेली चिमूटभर भुकटी तापवली, की साठलेली ऊर्जा अंधुक प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि तिच्यावरून शेवटच्या भाजणीचा काळ काढतात. १९७१ मध्ये तुर्कस्तानातील हाजिलार शैलीच्या ६६ वस्तू अशा तपासल्या असता ४८ आधुनिक निघाल्या. त्यांतील काही नामांकित संग्रहालयांनी विकत घेतलेल्या होत्या.

मात्र या कसोटीला अवास्तव महत्त्व दिले जाते. मूर्ती ज्या मातीत पुरलेली होती तिचा किरणोत्सार ठाऊक नसेल, तर उत्तर ढोबळच राहते. हजार वर्षे की पन्नास, एवढाच निवाडा होतो. जुन्या विटेचा वा खापरीचा तुकडा नेमक्या नमुन्याच्या जागी बसवणे, कृत्रिम किरणोत्साराचा मारा करणे, हे उपाय बनावट करणाऱ्यांनाही माहीत आहेत. दगडी मूर्तीला ही कसोटी लागूच पडत नाही. तेथे जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशात पृष्ठभाग पाहतात. संगमरवराचा जुना व ताजा कापलेला भाग त्यात वेगळ्या रंगछटेने चमकतो. धातूत मिश्रणाचे घटक व गंजाचे थर तपासतात. अस्सल गंज धातूत मुरलेला असतो, चिकटवलेला नखाने वा द्रावकाने सुटतो.

मेक्सिकोतील ब्रिहिदो लारा यांचे प्रकरण या क्षेत्रात वारंवार उद्धृत केले जाते. १९७४ मध्ये प्राचीन मृण्मूर्तींची लूट केल्याच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. तज्ज्ञांनी जप्त मूर्ती कोलंबसपूर्व काळातील अस्सल असल्याचे सांगितले. त्या आपणच घडवल्या, हे सिद्ध करण्यासाठी लारा यांनी तुरुंगात माती मागवली व तशाच मूर्ती करून दाखवल्या. सुटकेनंतर त्यांना हालापा येथील मानववंशशास्त्र संग्रहालयात काम मिळाले.

इतर प्रमुख वर्ग : ईजिप्तमधील उशब्ती, म्हणजे परलोकात मृताऐवजी राबणारे सेवक, हा संग्राहकांचा जुना आवडता प्रकार. उत्तरकालीन संचात ३६५ सेवक व ३६ मुकादम असत. त्यांच्यावर मृताचे नाव लिहिलेले असल्याने विखुरलेल्या संचाचा माग काढता येतो. एकविसाव्या राजवंशातील नावे असलेल्या वस्तू बाजारात दिसू लागल्या, म्हणूनच १८८१ मध्ये देर अल्-बहरी येथील राजांच्या ममींचा लपवलेला साठा उघडकीस आला. थांग मूर्ती विसाव्या शतकाच्या आरंभी लोहमार्गाच्या खोदाईत लोयांगच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर निघाल्या. थडग्यातील वस्तू अशुभ, म्हणून चिनी रसिक तोवर त्यांना घरात ठेवत नसत. नेत्सुकेच्या कारागिरांची यादी ओसाका येथे १७८१ मध्येच छापली गेली होती. जर्मनीतील माइसेन येथील चिनी मातीच्या मूर्ती मूळच्या मेजवानीच्या मेजावरील साखरेच्या मूर्तींच्या जागी आल्या. योहान योआखिम केंडलर हा त्यांचा प्रमुख शिल्पी. माइसेनच्या निळ्या तलवारींच्या खुणेची नक्कल पुष्कळांनी केल्यामुळे केवळ खुणेवरून निर्णय करू नये.

कायदा : सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा १४ नोव्हेंबर १९७० चा यूनेस्को करार हा या क्षेत्रातील दुभाजक मानला जातो. त्यापूर्वी मूर्ती मूळ देशाबाहेर होती, याचा कागदोपत्री पुरावा बहुतेक मोठी संग्रहालये मागतात. चोरीच्या वस्तूंच्या परतीसाठी १९९५ चा युनिड्रॉइट करार आहे. दोन्ही करार पूर्वलक्षी नाहीत. एके काळी 'गेनॉल' या खासगी संग्रहात असलेल्या, अनाटोलियातील (आजचा तुर्कस्तान) 'गेनॉल स्टारगेझर' या सुमारे २३ सेंमी. उंचीच्या संगमरवरी मूर्तीवर तुर्कस्तानने १९०६ च्या ऑटोमन कायद्याच्या आधारे हक्क सांगितला. पण मूर्ती अनेक दशके न्यूयॉर्कमध्ये जाहीरपणे प्रदर्शित होत असूनही दावा २०१७ मध्ये आला, या दिरंगाईमुळे अमेरिकी न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला. त्याच संग्रहातील आद्य-एलामी काळातील (प्राचीन इराण) चुनखडीची सिंहीण, उंची ८ सेंमी.हून थोडी अधिक, २००७ मध्ये ५ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली होती.

जतन : काशाच्या मूर्तीवर फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटे दिसल्यास तो 'काशाचा रोग' समजावा. क्लोराइडे ओलाव्याशी संयोग पावून धातू पोखरतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवणे हा त्यावरील मुख्य उपाय. मृण्मूर्तीत मुरलेले क्षार ओल-उन्हाच्या फेऱ्यांत स्फटिकरूप होऊन पृष्ठभाग सोलतात. डोके वा हात धरून मूर्ती उचलू नये. जुने सांधे तेथेच निखळतात. बैठकीखाली शाईने लिहिलेला क्रमांक, चिकटवलेली जुनी चिठ्ठी, फार काय, लाखेची मोहोरही काढू नये किंवा धुऊ नये. तिच्यावरून मूळ यादी, लिलाव वा उत्खननाची वही सापडू शकते. दृष्टीला खटकते म्हणून खरवडलेल्या अशा चिठ्ठ्यांचे चौकोनी डाग अनेक मूर्तींच्या तळाशी दिसतात.