उठताना हात कुठे जातो?

आमच्या कॉलनीतल्या विठ्ठल मंदिरात एकादशीला कीर्तन असतं. पूर्वी सगळे सतरंजीवर मांडी घालून बसायचे. मग मागच्या भिंतीला लागून चार प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, त्यांची एक रांग झाली, आता तीन रांगा आहेत. मी मात्र सतरंजीवर उरलेल्या माणसांकडे बघत असते. आरतीला उभं राहायची वेळ झाली की कोणाचा हात स्वतःच्या गुडघ्यावर जातो, कोणाचा शेजारच्याच्या खांद्यावर, कोणी आधी ओणवं होऊन मग एकेक पाय सोडवतं, कोणी भिंतीपर्यंत सरकत जातं. आणि एखाद्या पंच्याहत्तरीच्या काकू नऊवारीचा काठ सावरत सरळ उभ्या राहतात.

हे उठणं ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं. रिओ दी जानेरोचे डॉ. क्लाउडिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार स्त्री-पुरुषांना एवढंच सांगितलं, की अनवाणी उभे राहा, कमीत कमी आधार घेऊन जमिनीवर बसा आणि तसेच उठा. घाई करू नका. बसण्याला ५ गुण, उठण्याला ५. हात, गुडघा, मांडीची बाजू, जे काही टेकेल त्याचा दर वेळी एक गुण कमी. तोल डळमळला तर अर्धा. त्यानंतर ही माणसं कशी जगतात याची साधारण सहा वर्षं नोंद ठेवली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात ० ते ३ गुण मिळवणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, ८ ते १० गुण मिळवणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. वय, स्त्री-पुरुष आणि वजन यांचा हिशेब धरूनसुद्धा.

आता कोणी लगेच घाबरून जाऊ नका. गुण कमी पडले म्हणून कोणी मरत नाही. ज्याचे गुडघे झिजलेत, ज्याला पूर्वी कधी फ्रॅक्चर झालंय, त्याचे गुण कमीच येणार. ही चाचणी तापमापकासारखी आहे. मांड्यांची ताकद, सांध्यांची लवचिकता, शरीराचा तोल आणि वजन या चार गोष्टी एकत्र कशा आहेत, ते ती एका हालचालीत दाखवते. त्यातली मांड्यांची ताकद आपल्या हातात सगळ्यात जास्त आहे आणि तिच्याकडेच आपलं सगळ्यात कमी लक्ष आहे, म्हणून मी हा लेख लिहायला घेतला.

दोन वर्षांपूर्वी आईला न्यूमोनिया झाला. तेव्हा ती ७३ वर्षांची होती. अकरा दिवस ती रुग्णालयात होती. फुप्फुसं साफ झाली, ताप गेला, आम्ही आनंदाने तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून तिची हाक आली. कमोडवरून तिला उठता येत नव्हतं. आजारापूर्वी ती विळीवर बसून दोन जुड्या मेथी निवडायची आणि चिरायची. मला तेव्हा वाटलं, न्यूमोनियाने पाय खाल्ले. खरं तर त्यात आमचाही हात होता. अकरा दिवस आम्ही तिघं भावंडं एकच वाक्य म्हणत होतो, ‘तू उठू नकोस, काय हवं ते सांग, आम्ही देतो.’ घरी आल्यावरही तेच. ‘आई, आता तू फक्त आराम कर.’ इतक्या मायेने आम्ही तिचे पाय काढून घेत होतो.

पडून राहण्याची किंमत किती, हे आता नीट माहीत झालेलं आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्यानंतर त्यांच्या हृदयाची आणि शरीराची कष्ट सोसण्याची क्षमता झपाट्याने घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी कमी केली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांनी केली होती. ही तरण्याताठ्या पोरांची गत. म्हाताऱ्या माणसांचं काय होतं? २००७ साली एका अमेरिकन संशोधक गटाने सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस झोपवून ठेवलं. त्यांना कसलाही आजार नव्हता, जेवण व्यवस्थित होतं. तरी दोन्ही पायांतून मिळून सुमारे एक किलो स्नायू गेला.

स्नायू हा शरीराचा असा खर्च आहे, जो वापरला नाही तर शरीर चालू ठेवत नाही. त्यात वयाची भर पडते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू थोडे थोडे आटत जातात, साठीनंतर वेग वाढतो. या आटण्याला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिलं. ग्रीक शब्दांपासून बनलेलं हे नाव, अर्थ ‘मांसाची उणीव’. त्याआधी या गोष्टीला नावच नव्हतं, ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचे.

आत काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. स्नायू म्हणजे हजारो तंतूंची जुडी. मणक्यातून निघालेली एकेक चेतापेशी अनेक तंतूंना एकदम हुकूम देते. वयाबरोबर यातल्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. शेजारची चेतापेशी त्यातल्या काहींना आपल्या पंखाखाली घेते, बाकीचे वाळून जातात. आणि सगळे तंतू सारख्या प्रमाणात जात नाहीत. उभं राहणं, सावकाश चालणं अशा संथ कामाचे तंतू बऱ्यापैकी टिकतात, झटक्याने जोर लावणारे तंतू आधी आटतात. उंबऱ्याला ठेच लागल्यावर दुसरा पाय चटकन पुढे टाकून पडता पडता सावरायला हेच झटक्याचे तंतू लागतात. म्हणून ‘मी तर रोज बागेत चार फेऱ्या मारतो’ असं सांगणारे आजोबाही ओल्या फरशीवर पडतात. पुढे खुब्याचं हाड मोडणं, ऑपरेशन, अंथरूण, आणि अंथरुणात उरलेसुरले स्नायू जाणं. आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात ही साखळी कोणीतरी पाहिलेली असते.

चालण्याला मी नावं ठेवत नाही. हृदयासाठी, साखरेसाठी, मन ताजं राहण्यासाठी चालण्यासारखं स्वस्त औषध नाही. दहा हजार पावलांचा आग्रहही धरायला नको. तो आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकताना रूढ झाला. सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ मधल्या अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास फायदा स्थिरावलेला दिसला आणि दिवसाला ४४०० पावलं चालणाऱ्याही २७०० वाल्यांपेक्षा बऱ्याच सुरक्षित होत्या. पण सपाट रस्त्यावर सावकाश चालताना मांडीला फारसा भार येत नाही. स्नायू वाढतो तो भाराने. थोडा जड वाटणारा भार आणि तो हळूहळू वाढवत नेणं.

हे ऐंशी-नव्वदीत जमेल का? या प्रश्नाचं उत्तर १९९० सालीच मिळालेलं आहे. बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका निवासी संस्थेत डॉ. मारिया फियातारोन यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे व्यायाम करून घेतले, आठवड्यातून तीन वेळा. हलके हातवारे नव्हेत. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन पायाने उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचं वजन. नऊ जणांनी उपक्रम पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या पावणेतीन पट झाली. दोघांनी काठी सोडली. मला हा निकाल वाचल्यावर दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं. नव्वदीतल्या स्नायूलाही हाक मारली तर तो ओ देतो.

चार वर्षांनी त्यांनीच शंभर अशक्त वृद्धांवर मोठा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही. नुसतं पेय घेणाऱ्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना प्रोटीन पावडरचा डबा नेण्याची रीत पडली आहे. डबा जरूर न्या, पण त्या माणसाला खुर्चीतून दहा वेळा उठवून मगच घरी या.

आईची फिजिओथेरपिस्ट पंचविशीतली मुलगी होती. पहिल्या दिवशी तिने खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या, आईला वर बसवलं आणि म्हणाली, ‘आजी, हात छातीवर. आता नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या आणि उठा.’ आई उठली! उंची वाढवल्यामुळे मांडीवरचा भार कमी झाला होता, एवढीच युक्ती. पाच वेळा उठबस, थोडं थांबून पुन्हा पाच. आठवड्याने एक उशी गेली, मग दुसरी. मग खांद्याच्या पिशवीत एक किलो तूरडाळ, मग दोन. बसताना धप्पकन बसायचं नाही, मनात चार अंक मोजत बसायचं, कारण खाली जाताना आवरून धरणं हाही स्नायूचा व्यायामच. तालमीतल्या बैठका त्या ह्याच, फक्त खुर्चीच्या मदतीने.

घरी स्वतःला तपासायचं असेल तर जमिनीपेक्षा खुर्चीची चाचणी सोपी आणि सुरक्षित. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ आणि पुरुषाला १४ हून कमी जमलं, तर पाय कमी पडताहेत असं समजतात. सत्तरी ते चौऱ्याहत्तरीत हेच आकडे १० आणि १२. हृदयाचा त्रास, ठिसूळ हाडं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. तोलासाठी आई ओट्याला एक हात लावून, दूध तापेपर्यंत एका पायावर उभी राहते. मग दुसऱ्या. हात हळूहळू सोडायचा.

खाण्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिथे आपली मराठी घरं फसतात. वयाबरोबर स्नायू प्रथिनांना कमी दाद देतो, म्हणून म्हातारपणी गरज थोडी वाढते. किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम धरा, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साठच्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे डॉक्टरांनीच ठरवायचं. प्रत्यक्षात आजी काय खाते? सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी पोळी, दोन घास वरणभात, रात्री ‘मला भूक नाही’ म्हणून कपभर दूध. बेरीज तीसपर्यंतही जात नाही. घट्ट वरण, पिठलं, मोड आलेली मटकी, दही, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडं किंवा मासे, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. सगळं रात्रीवर ढकलू नये.

तंबाखू आणि मशेरी सोडणं, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, पुरेशी झोप, बोलायला माणसं असणं, हे सगळं तर हवंच. त्याबद्दल भरपूर लिहिलं जातं.

साडेतीन महिन्यांनी गौरी आल्या. आईने पाट मागितला. आम्ही तिघंही तिच्या मागे धावायच्या बेतात होतो, तिने हाताने थांबवलं. एक गुडघा टेकवत ती पाटावर बसली, आघाड्याची आणि दुर्वांची पत्री नीट लावली, हळदीकुंकू वाहिलं. उठताना तोच गुडघा आणि उजवा तळहात जमिनीला लागला. म्हणजे दहापैकी सात. ‘नैवेद्याचं ताट आण,’ ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘गार होतंय.’