रुग्णमूल्यमापन, अत्यवस्थ रुग्णाचे (परिचर्याशास्त्र)

प्रकृती अचानक ढासळलेल्या किंवा ढासळण्याच्या बेतात असलेल्या रुग्णाला ठरलेल्या क्रमाने तपासण्याची आणि आढळलेला प्रत्येक जीवघेणा दोष तिथल्या तिथे हाताळत पुढे जाण्याची परिचर्येतील पद्धत. श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्थेची स्थिती व सर्वांगाची पाहणी असे तिचे पाच टप्पे असून इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एबीसीडीई’ म्हणतात. रोगाचे निदान पुढे होते; रुग्ण येत्या काही मिनिटांत कशाने दगावू शकेल, एवढाच प्रश्न येथे विचारलेला असतो. त्यामुळे पूर्वेतिहास, कौटुंबिक माहिती, आहारविहार या दाखलपत्रकातील नोंदी तिच्यानंतर येतात.

टप्प्यांचा क्रम कालमर्यादेवरून ठरला आहे. श्वसनमार्ग पूर्ण बंद झाला तर मेंदूला इजा होण्यास काही मिनिटे पुरतात. श्वसन अपुरे असेल तर थोडा अधिक वेळ मिळतो. रक्तस्राव वा जंतुदोषाने रक्ताभिसरण कोलमडण्यास बहुधा त्याहूनही अधिक लागतो. याला एक अपवाद सर्वमान्य आहे. हातापायांतून भळभळून रक्त वाहत असेल, तर ते दाबून वा आवळपट्टा बांधून थांबवणे श्वसनमार्गाच्याही आधी येते.

इतिहास : या पद्धतीत दोन वेगळे प्रवाह येऊन मिळाले आहेत. पहिला पुनरुज्जीवनाचा. १९५० नंतरच्या दशकात पीटर साफर व जेम्स ईलम यांनी मान मागे कलवल्याने श्वसनमार्ग मोकळा होतो आणि तोंडाने दिलेला श्वास पुरेसा ठरतो, हे दाखवून दिले. ‘एबीसी’ हे सूत्र साफर यांच्या नावे नोंदले जाते, मात्र त्याच्या कालाविषयी एकवाक्यता नाही. काही लेखक ते १९५७ पर्यंत मागे नेतात. पण तिसऱ्या अक्षरातील छातीदाबनाचा अर्थ कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांच्या १९६० मधील शोधनिबंधापूर्वी संभवत नाही. म्हणून आजच्या अर्थाचे सूत्र १९६० च्या सुमारास घडले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढील दोन अक्षरे बहुधा अपघातशल्यचिकित्सेतून आली. अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांच्या कुटुंबाला फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विमान अपघात झाला. त्यावेळी मिळालेल्या उपचारांतील उणिवांवरून त्यांनी सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये एक प्रशिक्षणक्रम सुरू केला आणि १९८० मध्ये तो अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने स्वीकारला. अपघातग्रस्तांसाठी आखलेली ही चौकट नंतर वॉर्डातील इतर अत्यवस्थ रुग्णांनाही लावली जाऊ लागली. हृदयक्रिया प्रत्यक्ष बंद पडलेली असल्यास अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० पासून छातीदाबन प्रथम असा ‘सीएबी’ क्रम सांगितला आहे. जिवंत पण अत्यवस्थ रुग्णाच्या मूल्यमापनाला तो लागू नाही. या दोहोंची गल्लत वारंवार होते.

दुसरा प्रवाह परिचर्येचा स्वतःचा. निरीक्षण हे परिचर्येचे मूळ कौशल्य होय, हा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या अखेरीस वा १८६० च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या लेखनात स्पष्ट आहे. ‘परिचर्या प्रक्रिया’ ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची. तिचे श्रेय कोणी लिडिया हॉल यांना (१९५५), तर कोणी आयडा जीन ऑर्लँडो यांना (१९६१) देतात. मूल्यमापन हा तिचा पहिला टप्पा मानणारी चार टप्प्यांची मांडणी हेलेन युरा व मेरी वॉल्श यांनी १९६७ मध्ये केली.

रुग्णालयातील हृदयस्तंभ (हृदयक्रिया बंद पडणे) बहुधा अकस्मात होत नाही, या जाणिवेने दोन्ही प्रवाह जवळ आले. शाइन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८४ टक्के रुग्णांत हृदयस्तंभापूर्वीच्या आठ तासांत प्रकृती ढासळल्याच्या खुणा नोंदलेल्या होत्या. खुणा कागदावर होत्या, त्यांवर कृती झाली नव्हती.

प्रारंभिक दृष्टिक्षेप : खाटेजवळ जाताना आपली सुरक्षितता पाहून हातमोजे चढवावेत. रुग्णाला नावाने हाक मारून ‘कसं वाटतंय?’ असे विचारावे. त्याने सलग वाक्यात उत्तर दिले, तर श्वसनमार्ग मोकळा आहे, फुप्फुसांत हवा खेळते आहे आणि मेंदूला रक्त मिळते आहे, हे एकाच वेळी समजते. दोन-तीन शब्दांनंतर त्याला थांबावे लागत असेल तर श्वसन अडचणीत आहे. उत्तरच आले नाही तर श्वास व नाडी तपासावी आणि दोन्ही नसल्यास मूल्यमापन सोडून पुनरुज्जीवन सुरू करावे. मदतीसाठी हाक याच क्षणी द्यायची असते. पाचही टप्पे आटोपल्यावर नव्हे.

श्वसनमार्ग : अर्धवट अडथळा आवाज करतो. घोरल्यासारखा आवाज जीभ मागे पडल्याचा, खळखळाट लाळ, रक्त वा उलटीचा आणि श्वास आत घेतानाचा कर्कश आवाज, ज्याला स्ट्रायडर म्हणतात, तो स्वरयंत्राजवळील सूज वा अडकलेल्या वस्तूचा निदर्शक असतो. पूर्ण अडथळा निःशब्द असतो. छाती आत ओढली जाते तेव्हा पोट वर येते आणि उलटही, पण नाकातोंडाशी धरलेल्या हाताला हवा लागत नाही. ही झोक्यासारखी हालचाल पाहून रुग्ण श्वास घेतो आहे असा समज होणे ही घातक चूक होय. उपाय साध्यापासून सुरू करावेत : मान मागे कलवून हनुवटी उचलणे, मानेच्या दुखापतीचा संशय असल्यास केवळ जबडा पुढे ढकलणे, दिसेल तेवढ्याच भागात सक्शन करणे (स्राव शोषून काढणे). तोंडातून घालायच्या एअरवेचे (जीभ मागे पडू न देणाऱ्या नळीचे) माप पुढच्या दातांपासून जबड्याच्या कोनापर्यंत घेतात. लहान माप जिभेलाच मागे ढकलते आणि मोठे स्वरयंत्रावर टेकते. रुग्णाला उबळ येत असेल तर तो एअरवे काढून घ्यावा, कारण उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

श्वसन : श्वसनगती हे प्रकृती ढासळत असल्याचे सर्वांत लवकर दिसणारे आणि सर्वाधिक दुर्लक्षिले जाणारे चिन्ह. ती पूर्ण ६० सेकंद मोजावी. १५ सेकंद मोजून चारने गुणल्यास एका श्वासाची चूक चार श्वासांची होते आणि अनियमितपणा हाती लागत नाही. मोजत असल्याचे रुग्णाला कळले की त्याची गती बदलते. म्हणून नाडीवर बोटे ठेवून छातीकडे पाहण्याची जुनी रीत अजूनही उत्तम. तक्त्यात रुग्णामागून रुग्ण १८ वा २० असाच आकडा दिसत असेल, तर मोजणी झालेलीच नाही असे समजण्यास हरकत नाही. प्रौढात १२ ते २० ही नेहमीची मर्यादा धरतात. २५ किंवा अधिक गती गंभीर मानावी. रक्तात आम्ल साचले की फुप्फुसे निरोगी असूनही गती वाढते. म्हणूनच जंतुदोष, रक्तस्राव व मधुमेही आम्लता या सर्वांत ती चढते.

मग खोली, दोन्ही बाजूंची समान हालचाल, मानेच्या स्नायूंचा वापर, श्वासनलिकेची जागा, ठोकून व स्टेथोस्कोपने येणारा ध्वनी पाहावा. दमेकऱ्याच्या छातीतील शिट्ट्या एकाएकी थांबल्या आणि तो थकलेला दिसत असेल, तर ती सुधारणा नसते. हवाच आत जाईनाशी झालेली असते.

पल्स ऑक्सिमीटरवर विसंबताना त्याच्या मर्यादा ध्यानी ठेवाव्यात. बोटे गार पडलेली असणे, नखांवरचा रंग व हालचाल यांनी आकडा चुकतो. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत तो खोटा चांगला दिसतो आणि गडद त्वचेत खऱ्याहून थोडा अधिक येऊ शकतो. शिवाय ऑक्सिजन चालू असताना ९७ टक्के संपृक्तता (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) असूनही रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचत असू शकतो. बहुतेक प्रौढांसाठी ९४ ते ९८ टक्के, तर दीर्घकालीन फुप्फुसविकाराने कार्बन डाय-ऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य मानतात. अत्यवस्थ अवस्थेत सुरुवात ऑक्सिजन साठवणाऱ्या पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटरने करून, रुग्ण स्थिरावल्यावर प्रमाण लक्ष्यानुसार कमी करतात. मास्क लावण्यापूर्वी पिशवी फुगलेली असावी.

रक्ताभिसरण : हात प्रथम हाताने पाहावेत. गार, ओलसर, फिकट हात रक्तवाहिन्या आकुंचल्याचे सांगतात. जंतुदोषाच्या पहिल्या अवस्थेत मात्र ते गरम व लालसर असू शकतात. नाडीची गती, जोर व नियमितपणा बोटांनीच तपासावा, कारण मॉनिटर नाडीचा जोर सांगत नाही. रक्तदाबाचा कफ लहान असल्यास आकडा वाढीव, मोठा असल्यास कमी येतो.

सिस्टॉलिक (वरचा) दाब टिकून आहे म्हणून निश्चिंत राहणे ही येथील नेहमीची चूक. तरुण, निरोगी प्रौढाचे सुमारे ३० टक्के, म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीत दीड लिटरच्या आसपास, रक्त जाईपर्यंत तो फारसा घसरत नाही. तोवर नाडी वाढते आणि वरच्या-खालच्या दाबातील अंतर कमी होत जाते. नाडी मंद ठेवणारी बीटारोधक औषधे घेणाऱ्यांत नाडीही वाढत नाही. नाडीला सिस्टॉलिक दाबाने भागून येणारा आघातनिर्देशांक (शॉक इंडेक्स) आल्गोवर व बुरी यांनी १९६७ मध्ये सुचवला. तो निरोगी प्रौढात ०·५ ते ०·७ असतो; १ च्या पुढे गेल्यास रुग्ण गंभीर समजावा. मूत्रविसर्जन ताशी किलोमागे ०·५ मिलि. पेक्षा कमी होणे हेही इंद्रियांना रक्त कमी पडत असल्याचे लक्षण. त्याआधी कॅथेटरला (मूत्रनळीला) पीळ पडलेला नाही याची खात्री करावी.

केशिका पुनर्भरणाचा काळ पाहण्यासाठी हृदयाच्या पातळीवर धरलेले बोटाचे टोक वा छातीचे मधले हाड पाच सेकंद दाबून सोडतात व रंग परतण्यास लागणारा वेळ मोजतात. दोन सेकंदांची मर्यादा पाठ्यपुस्तकांत निरपवाद दिली जात असली, तरी तिचा आधार तितका भक्कम नाही. १९८० च्या अपघातगुणांक पद्धतीतून ती रूढ झाली. श्रिगर व बॅराफ यांनी १९८८ मध्ये निरोगी व्यक्तींत मोजमाप केले, तेव्हा मुले व प्रौढ पुरुषांना ती जुळली. पण प्रौढ स्त्रियांत ही मर्यादा २·९ आणि वृद्धांत ४·५ सेकंदांपर्यंत जाते असे दिसले. खोली थंड असली तर काळ आणखी लांबतो. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा त्याच रुग्णात तो लांबत वा कमी होत चालला आहे काय, याला अधिक वजन द्यावे. सेप्टिक शॉकच्या (जंतुदोषाने रक्ताभिसरण कोलमडलेल्या) रुग्णांवरील २०१९ च्या मोठ्या चाचणीने या साध्या परीक्षेला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली.

या टप्प्यात रुंद सुई टोचून रक्तनमुने घेतात व वैद्यकीय आदेशानुसार सलाईन सुरू करतात : सर्वसाधारणपणे ५०० मिलि. पंधरा मिनिटांत, हृदय दुबळे असल्यास २५० मिलि. प्रत्येक हप्त्यानंतर नाडी, दाब व फुप्फुसांचा तळ पुन्हा तपासावा.

चेतासंस्था : जागा, गोंधळलेला, हाकेला प्रतिसाद देणारा, वेदनेला प्रतिसाद देणारा, प्रतिसादहीन अशी झटपट प्रतवारी करतात. सविस्तर मोजणीसाठी टीझडेल व जेनेट यांची १९७४ मधील ग्लासगो श्रेणी आहे; ती ३ ते १५ गुणांची असून शून्य गुण तिच्यात नाही. एकूण बेरजेऐवजी डोळे, बोलणे व हालचाल यांचे गुण सुटे नोंदवावेत, कारण तीच बेरीज निरनिराळ्या अवस्थांतून येऊ शकते. गुण ८ वा कमी असल्यास श्वसनमार्ग धोक्यात मानून पहिल्या टप्प्याकडे परतावे. बाहुल्यांचा आकार व प्रकाशाला प्रतिसाद पाहावा. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या व मंद श्वसन अफूजन्य औषधांचा संशय निर्माण करतात. रक्तशर्करा प्रत्येकाची तपासावी. ७० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरहून कमी शर्करा पक्षाघात, नशा वा वेड यांचे हुबेहूब सोंग घेते आणि बोटाच्या एका टोचणीत उघडी पडते.

सर्वांग पाहणी : कपडे टप्प्याटप्प्याने दूर करून पुरळ, जखमा, निचरानळ्या, पोटरीची सूज व पाठ पाहावी. दाबल्यावर न मावळणारे जांभळे ठिपके तातडीचे असतात. तापमान घेऊन रुग्णाला लगेच झाकावे.

फेरतपासणी, गुणांकन व कळवणे : प्रत्येक उपायानंतर आणि प्रकृती बदलताच पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करतात. मोजमापांना गुण देण्याची कल्पना १९९७ मध्ये मॉर्गन, विल्यम्स व राइट यांनी मांडली. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची ‘न्यूज’ (राष्ट्रीय पूर्वसूचना गुणांक) पद्धत २०१२ ची व तिची सुधारित आवृत्ती २०१७ ची आहे. तिची उपयुक्तता एका उदाहरणाने दिसते : श्वसनगती २३ (२ गुण), संपृक्तता ९४ (१), ऑक्सिजन चालू (२), सिस्टॉलिक दाब १०८ (१), नाडी ११२ (२), पूर्ण शुद्धीवर (०), तापमान ३८·४ अंश सेल्सिअस (१). यातला एकही आकडा सुटा पाहिल्यास धावपळ होणार नाही. बेरीज मात्र ९ येते आणि ७ वा अधिक गुण झाल्यास अतिदक्षता कौशल्य असलेल्या चमूला तातडीने बोलावून सतत देखरेख ठेवण्याचा संकेत आहे. उलटपक्षी, गुण कमी असूनही अनुभवी परिचारिकेला रुग्ण ‘बरा वाटत नाही’, तर तेही कळवण्यास पुरेसे कारण होय.

फोनवर कळवताना परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन व अपेक्षा असा ‘एसबार’ क्रम वापरतात. त्याचे मूळ अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतील संदेशपद्धतीत सांगितले जाते. शेवटच्या भागात संकोच आड येतो. ‘जरा पाहाल का’ याऐवजी ‘दहा मिनिटांत खाटेपाशी या’ अशी स्पष्ट मागणी हवी, आणि कळवल्याची वेळ तक्त्यात लिहिलेली हवी.

मर्यादा : सोळा वर्षांखालील मुले व गर्भवती स्त्रियांसाठी वरील गुणांकन वापरत नाहीत. मुलांत मर्यादा वयानुसार बदलतात आणि रक्तदाब फार उशिरा घसरतो. गर्भारपणाच्या सुमारे विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपवल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून दाब उतरतो, म्हणून डाव्या कुशीवर कलवूनच तपासतात.