प्रॉपर्टी टॅक्सवर अजून १% द्या म्हणून गावाला कसं पटवायचं: मॅसॅच्युसेट्समधल्या सीपीएची प्रोसेस, पात्रता आणि कागदपत्रं

आधी एक क्लिअर करते, इथे सीपीए म्हणजे एप्रिलमधे आपला टॅक्स भरून देणारा अकाउंटंट नाही. हा आहे कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट, मॅसॅच्युसेट्स राज्याचा सन २००० चा कायदा, जनरल लॉज मधलं चॅप्टर ४४बी. टाऊनच्या किंवा सिटीच्या मतदारांनी स्वतः मत देऊन हो म्हटलं तरच प्रॉपर्टी टॅक्सवर जास्तीत जास्त ३% सरचार्ज बसतो आणि तो पैसा वेगळ्या फंडात पडतो. मोकळी जमीन वाचवणं, जुन्या वास्तू, परवडणारी घरं आणि मैदानं-बागा-ट्रेल्स, एवढ्यासाठीच तो वापरता येतो. राज्यात ३५१ गावं-शहरं आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी हा लागू आहे.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या टॅक्स बिलात वृक्ष कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर असं काय काय छापून येतं, आपण भरतो आणि विसरतो, कोणी विचारायला येत नाही. इथे उलटं आहे, आधी विचारणार मग लावणार, आणि म्हणूनच सगळं घोडं अडतं ते लोकांना पटवण्यात.

पहिला प्रश्न कायम एकच येतो, माझ्या बिलात किती वाढणार. इथे भलेभले चुकतात कारण त्यांना वाटतं घराच्या किमतीच्या १%. नाही हो. टॅक्सच्या १%. समजा घराची असेस्ड किंमत (टॅक्ससाठी गावाने ठरवलेली किंमत) ६,००,००० डॉलर आहे, गावाने पहिल्या १,००,००० ची सूट ठेवली आहे, राहिले ५,००,०००, आणि रेट धरा हजारी १२ डॉलर, तर त्या रकमेवरचा टॅक्स झाला ६,००० आणि त्याचा १% म्हणजे वर्षाला ६० डॉलर, म्हणजे तिमाही बिलात १५. दीड टक्का असेल तर ९०, पूर्ण ३% असेल तर १८०. बॉस्टनमधे १% आहे, वुस्टरने २०२२ मधे दीड टक्का घेतला, केंब्रिजमधे ३% आहे.

आणि राज्य सरकार त्यात भर घालतं. रजिस्ट्री ऑफ डीड्स मधे घराचे, मॉर्गेजचे कागद नोंदवताना जी फी घेतात त्यातला एक भाग राज्याच्या सीपीए ट्रस्ट फंडात जातो आणि दर वर्षी नोव्हेंबरच्या मधावर हा कायदा लागू असलेल्या गावांना वाटला जातो. सुरुवातीची काही वर्षं डॉलरला डॉलर मिळायचा, मग गावं वाढत गेली तसा वाटा घसरला, म्हणून २०१९ च्या शेवटी बहुतेक कागदांवरची फी २० वरून ५० डॉलर केली. आता नीट बघा, तुमच्या गावात सीपीए नसला तरी रिफायनान्स करताना तुम्ही ही फी भरताच, फक्त त्यातून मैदान होतं ते शेजारच्या गावात. माझ्या मते कॅम्पेनमधला सगळ्यात जोरदार मुद्दा हाच, पण दर वर्षी किती टक्के मिळणार ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे १००% मिळेल वगैरे छापू नका, विरोधक पहिलं तेच पकडतात.

सूट कोणाला आणि कागद काय लागतात

सूट सगळीकडे सारखी नसते, गावाने सीपीए घेताना जी निवडली तीच मिळते. साधारण तीन प्रकार आहेत: घरांच्या पहिल्या १,००,००० किमतीवर सूट, दुकानं-कारखान्यांच्या पहिल्या १,००,००० वर सूट (ही २०१२ च्या दुरुस्तीनंतर आली), आणि कमी उत्पन्नवाल्यांना पूर्ण सूट. जिथे धंद्यांना वेगळा टॅक्स रेट आहे तिथे धंद्यांना पूर्ण वगळायचाही पर्याय आहे. पहिल्या दोन सवलती बिलात आपोआप लागतात. तिसरीसाठी मात्र असेसरच्या, म्हणजे टॅक्ससाठी घरांच्या किमती ठरवणाऱ्याच्या, ऑफिसला अर्ज करावा लागतो, आणि तोही दर वर्षी नव्याने, एकदा केला की संपलं असं नाही.

पात्रता अशी की १ जानेवारीला घर तुमच्या मालकीचं हवं आणि तुम्ही तिथे राहत असायला हवं. वय ६० च्या खाली असेल तर कुटुंबाचं उत्पन्न त्या भागाच्या मीडियन उत्पन्नाच्या ८०% च्या आत, ६० किंवा वर असेल तर १००% च्या आत, आणि हा आकडा घरात किती माणसं त्यावर बदलतो. कागदांत वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, आदल्या वर्षाचं फेडरल टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ आणि १०९९ (पगाराचे आणि इतर उत्पन्नाचे फॉर्म), सोशल सिक्युरिटीचं पत्र, मेडिकल खर्चाच्या पावत्या कारण तो खर्च काही प्रमाणात उत्पन्नातून वजा होतो, आणि घर ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टचे कागद. शेवटची तारीख असेसरला फोन करून विचारा. हे सगळं मी इतकं लांबण लावून सांगतेय कारण मोहिमेत पेन्शनवर राहणाऱ्या आजी-आजोबांसमोर हेच नीट सांगता आलं पाहिजे, तिथे अंदाजपंचे बोललात की मत गेलं.

बॅलटवर प्रश्न आणायचे दोन रस्ते

पहिला रस्ता टाऊन मीटिंगचा, म्हणजे गावाचे निर्णय मतदानाने घेणाऱ्या सभेचा, शहर असेल तर सिटी काउन्सिलचा. टाऊन मीटिंगच्या विषयपत्रिकेला इथे वॉरंट म्हणतात, पोलिसांशी काही संबंध नाही. ॲन्युअल टाऊन मीटिंगच्या वॉरंटमधे विषय घालायला १० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या पुरतात, स्पेशल टाऊन मीटिंगला १०० लागतात. विषयात टक्केवारी आणि सवलती स्पष्ट लिहायच्या. साध्या बहुमताने पास झाला की मग तोच प्रश्न पुढच्या नियमित निवडणुकीत बॅलटवर जातो आणि तिथे परत बहुमत लागतं. म्हणजे हॉलमधे टाळ्या मिळाल्या म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही.

दुसरा रस्ता सह्यांचा. टाऊन इलेक्शनच्या किमान ९० दिवस आधी (राज्याच्या निवडणुकीला १२० दिवस) टाऊन मीटिंगने किंवा काउन्सिलने हा कायदा स्वीकारायचं मतदान केलं नसेल तर गावातल्या एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ५% लोकांच्या सह्या घेऊन पिटिशन देता येतं. सह्या तपासायला मतदार नोंदणी बघणाऱ्या रजिस्ट्रारना ७ दिवस मिळतात, आणि ते सर्टिफिकेट निवडणुकीच्या ३५ दिवसांपेक्षा आधी (राज्याच्या निवडणुकीला ६० दिवसांपेक्षा आधी) हातात पाहिजे. आता मागून मोजा. टाऊन इलेक्शनला ३५ आणि ७, म्हणजे ४२ दिवस आणि वर थोडे, तोवर कागद दाखल झालाच पाहिजे, आणि ९० दिवसांची अट धरली तर मधे जेमतेम सात आठवडे उरतात. कॅलेंडरवर निवडणुकीची तारीख लाल करा आणि उलटे चालत या, आणि पिटिशनचा मजकूर सह्या घ्यायच्या आधी टाऊन क्लार्कला दाखवून घ्या, सही झाल्यावर एक शब्द बदलता येत नाही.

निवडणूक कुठली निवडायची यावर प्रत्येक गावात वाद होतो. स्प्रिंगच्या टाऊन इलेक्शनला मोजकी माणसं मत द्यायला येतात आणि त्यात टॅक्सला नाही म्हणणारे न चुकता येतात, नोव्हेंबरच्या प्रेसिडेंटच्या निवडणुकीला सगळं गाव येतं. बॉस्टनने २००१ मधे सीपीए नाकारला होता, २०१६ च्या नोव्हेंबरमधे तोच जवळपास ७४% मतांनी पास झाला. फक्त तारखेमुळे झाला असं मी म्हणणार नाही, पंधरा वर्षांत घरांचे भाव कुठल्या कुठे गेले होते आणि सवलतीही नीट आखल्या होत्या.

सह्यांची गंमत

आमच्या इथे शनिवारी सकाळी सगळं गाव डंपवर येतं, म्हणजे ट्रान्सफर स्टेशनवर, आपला आपला कचरा गाडीत घालून. तिथे बाहेर फोल्डिंग टेबल टाकून क्लिपबोर्ड घेऊन उभं राहायचं, लायब्ररीपेक्षा तिथे दुप्पट सह्या मिळतात. पहिल्या शनिवारी मी खूश होऊन घरी आले आणि नंतर कळलं की त्यातल्या बऱ्याच बाद, कोणी शेजारच्या गावचा, कोणी घर बदललंय पण मतदार यादीत जुनाच पत्ता, कोणाची सही म्हणजे नुसता गोगलगायीचा माग. तेव्हापासून सही घेताना आधी विचारायचं, मतदार नोंदणी याच गावात आहे ना, कुठल्या पत्त्यावर, आणि नाव पत्ता वाचता येईल असा खाली लिहून घ्यायचा. गावात २०,००० मतदार असतील तर १,००० सह्या लागतात, तुम्ही १,२५० च्या खाली थांबू नका.

तिथेच एक आजी आल्या होत्या, पर्समधून स्वतःचं टॅक्स बिल काढलं आणि म्हणाल्या, भाषण नको, यावर गणित करून दाखव. बिलाच्या मागे पेन्सिलने केलं, ४१ डॉलर आले, त्यांनी सही केली आणि पेन्सिलही घेऊन गेल्या. पुढच्या शनिवारपासून टेबलावर मोठं कॅल्क्युलेटर आणि असेसरच्या साइटवरचे रेट प्रिंट करून ठेवले, पत्रकं मात्र अर्धी कचऱ्यातच गेली, डंपच तो.

आपल्या मराठी लोकांसाठी महत्त्वाचं: सही आणि मत फक्त नोंदणीकृत मतदाराचं, म्हणजे सिटिझन. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असेल तर उत्साहाच्या भरात क्लिपबोर्डवर सही करू नका आणि मतदार नोंदणी तर चुकूनही नको, इमिग्रेशनमधे नसती आफत येईल. पण जाहीर सुनावणीत बोलणं, दारोदार जाणं, शेजाऱ्यांना समजावणं हे करता येतं, घरमालक म्हणून टॅक्स तर तुम्हीही भरताच. सिटिझन असाल पण नाव नोंदवलं नसेल तर निवडणुकीच्या १० दिवस आधीपर्यंत नोंदवता येतं.

पैसे गोळा करणार असाल तर आधी बॅलट क्वेश्चन कमिटी रीतसर नोंदवा, गावापुरता प्रश्न असेल तर टाऊन क्लार्ककडे, अध्यक्ष आणि खजिनदार लागतात, आणि जमाखर्चाचे रिपोर्ट वेळेवर द्यायचे. टाऊनचा पैसा, टाऊनचं पोस्टेज, झेरॉक्स, काही म्हणजे काही कॅम्पेनला वापरायचं नाही, आणि सरकारी नोकराने, म्हणजे शाळेतल्या शिक्षकानेसुद्धा, वर्गणी मागायची नाही. ते स्वतःच्या वेळेत बाकी मदत करू शकतात. कम्युनिटी प्रिझर्व्हेशन कोअलिशन नावाची संस्था आहे, ती गावांना यात मार्गदर्शन करते, त्यांना सुरुवातीलाच फोन केलेला बरा.

विरोधक विचारतात, एकदा लागला की जन्मभर का? तर नाही, पाच वर्षांनी त्याच पद्धतीने मतदान घेऊन रद्द करता येतो, आणि टक्केवारी किंवा सवलती तर त्याआधीही बदलता येतात. दुसरं, हा पैसा रोजच्या देखभालीला चालत नाही, गवत कापायला नाही, कृत्रिम टर्फ घ्यायला नाही, जिमला नाही.

पास झाल्यावर पुढच्या १ जुलैच्या आर्थिक वर्षापासून सरचार्ज लागतो. गाव नियम करून ५ ते ९ जणांची कमिटी नेमतं, त्यात कॉन्झर्व्हेशन, हिस्टॉरिकल, प्लॅनिंग, पार्क आणि हाउसिंगचा एकेक माणूस असतो. दर वर्षी निदान १०% जमीन-मैदानांना, १०% जुन्या वास्तूंना, १०% घरांना खर्च करायचे किंवा बाजूला ठेवायचे, उरलेल्याचं कमिटी सुचवते आणि टाऊन मीटिंग मंजूर करते. मीटिंग रक्कम कमी करू शकते, वाढवू शकत नाही. कायद्यात बिगर-व्यावसायिक खेळांची मैदानं स्पष्ट लिहिली आहेत, त्यामुळे पोरांच्या क्रिकेट पिचसाठीही अर्ज टाकता येतो. त्याला जागेचा नकाशा, जागा ज्या खात्याची आहे त्याची लेखी संमती, खर्चाची दोन-तीन कोटेशन्स आणि नंतर देखभाल कोण करणार त्याचं पत्र जोडा. त्या शेवटच्या पत्रासाठी आम्ही सध्या पार्क खात्याच्या मागे लागलोय.