एमिली डिकिन्सन: छापलं नाही म्हणजे लपवलं असं नाही

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येतं: तिनं कविता आयुष्यभर लपवून ठेवल्या आणि 1886 साली ती गेल्यावर जगाला त्यांचा पत्ता लागला. वाक्य ऐकायला करुण आहे, पण चूक आहे. एकानं लिहिलं ते दुसरा उतरवतो, आणि त्यातून एक मुकी, घाबरलेली बाई तयार होते जी ॲमहर्स्ट गावातल्या तिच्या घरात कधी राहतच नव्हती. छापणं आणि वाचायला देणं या दोन गोष्टींची गल्लत झाली की असं होतं. डिकिन्सननं पहिली गोष्ट टाळली. दुसरी ती वर्षानुवर्षं करत होती.

छापणं म्हणजे काय ते सांगायला नको. त्याच काळातला अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन डोळ्यांपुढे आणला की पुरे. 1855 साली ब्रुकलिनमध्ये त्यानं 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' हा कवितासंग्रह पदरच्या पैशानं काढला, काही पानांचे खिळेही स्वतः जुळवले, आणि पुढे 1891-92 पर्यंत तेच पुस्तक वाढवत, बदलत पुन्हा पुन्हा छापलं. नामवंत लेखक एमर्सननं कौतुकाचं खासगी पत्र पाठवलं, तर त्यातली ओळ दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर सोन्याच्या अक्षरांत झळकली. हा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

डिकिन्सनचा रस्ता दुहेरी होता, आणि घोटाळा तिथेच होतो. एकीकडे बाडं होती. साधारण 1858 ते 1864 या काळात तिनं 40 बाडं बांधली. पत्र लिहायचा, मधोमध दुमडलेला कागद घ्यायचा, त्याच्या चार पानांवर शाईनं कविता स्वच्छ उतरवायच्या, असे चार-पाच-सहा दुमडलेले कागद एकावर एक ठेवायचे, कडेला दोन भोकं पाडायची आणि दोरा ओवून गाठ मारायची. वहीसारखे कागद एकात एक घातलेले नसत, एकावर एक रचलेले असत, हे ध्यानात ठेवावं. पुढे दोरे सुटले, पानांचा क्रम मोडला, तेव्हा अभ्यासकांना सुईची भोकं, डाग आणि कागदाची जात जुळवून तो परत लावता आला, कारण प्रत्येक दुमडलेला कागद स्वतंत्र एकक होता. ही बाडं तिनं कुणाला दाखवल्याचा पुरावा नाही. 'लपवल्या' हा शब्द लागू होत असेल तर एवढ्याच भागाला.

दुसरीकडे टपाल होतं. कविता सुट्या कागदावर पुन्हा उतरवून ती पत्रातून पाठवत असे, कधी फुलासोबत, कधी कुणाच्या घरी मृत्यू झाला म्हणून. शेजारच्याच घरात राहणाऱ्या भावजयीला, सुझनला, तिनं अडीचशेहून अधिक कविता पाठवल्या. टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखक-संपादकाला सुमारे शंभर. बाडं घरात आणि कविता टपालात, असा हा व्यवहार होता. बहीण लॅव्हिनियाला बाडं सापडली तेव्हा धक्का बसला तो ढिगाचा. एमिली कविता करते हे घरातल्यांना आणि मित्रमंडळींना चांगलं ठाऊक होतं.

वाचायला देणं म्हणजे नुसती भेट पाठवणंही नव्हे. 'सेफ इन देअर अलाबास्टर चेंबर्स' ही कविता घ्या. संगमरवरी कबरींत निवांत पडलेले मृत, हे पहिलं कडवं. 1859 च्या रूपात दुसऱ्या कडव्यात वारा हसतो, मधमाशी गुणगुणते, पाखरं अजाणतेपणी गातात. 1861 मध्ये डिकिन्सननं ते काढून टाकलं आणि नवं लिहिलं: वर्षं, नक्षत्रं, आकाशं वरून सरकत जातात, मुकुट गळतात, आणि सगळं बर्फावर पडलेल्या ठिपक्यांइतकं निःशब्द. सुझननं ते वाचून कळवलं की हे नाही पटलं. उन्हाळ्याच्या रात्री दिपवणाऱ्या विजेसारखं आहे, पण पहिल्या कडव्याच्या भुतकट उजेडाशी जमत नाही. तिच्या मते पहिलं कडवं एकटंच पूर्ण होतं. ते मनात आलं की आपण शेकोटीपाशी जाऊन ऊब घेतो, असंही तिनं लिहिलं. एमिलीनं आणखी एक कडवं करून पाठवलं. एक ओळीला ओळ लावून पाहणारी, दुसरी परखड सांगणारी. हिला 'वाचक नसलेली कवयित्री' कसं म्हणायचं?

मग छापलं का नाही? भित्रेपणा हे उत्तर मला मान्य नाही, कारण 15 एप्रिल 1862 ला तिनंच अनोळखी हिगिन्सनला चार कविता पाठवून विचारलं होतं की माझी कविता जिवंत आहे का. त्यानं छापायची घाई नको असं सुचवलं, तेव्हा तिनं कळवलं की तो विचारच मला परका आहे, माशाच्या पराला आभाळ परकं असतं तसा. हयातीत तिच्या किमान दहा कविता छापल्या गेल्या, सगळ्या निनावी. त्यातल्या एकीनं कारण उघड होतं. गवतातल्या सापाची कविता 1866 च्या फेब्रुवारीत 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन' या वृत्तपत्रात आली. डिकिन्सनची तिसरी ओळ चौथीत वाहते: तुम्हाला तो भेटला असेल, नसेल, तर तो दिसतो तो अचानकच. छापताना तिसऱ्या ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं, आणि झालं असं: तुम्हाला तो भेटला असेल, नाही का? एका खुणेनं वाक्याचा सांधा तुटला आणि साप गप्पांचा विषय झाला. तिनं हिगिन्सनला लिहिलं की कविता माझ्याकडून हिरावून नेली आणि विरामचिन्हानं तिसरी ओळ हरवली. सुझनचं मत खोडता येत होतं, त्यावर नवं कडवं पाठवता येत होतं. छापील प्रश्नचिन्हावर काय पाठवणार?

बाकीच्या गैरसमजांवर फार वेळ घालवू नये. पांढरे कपडे खरे, पण उत्तरायुष्यातले. ती मुक्तछंदात लिहीत होती हे साफ चूक. मुक्तछंद व्हिटमनचा, हिचा सांगाडा बहुतेक वेळा चर्चमधल्या स्तोत्रांचा, आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा.

लपवल्याची कथा रुजली ती 1890 च्या पहिल्या संग्रहाबरोबर. तो मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन यांनी संपादला. टॉडबाईंनी एमिलीला समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं, आणि सुझनच्या नवऱ्याशी त्यांचे प्रेमसंबंध असल्यानं सुझन आणि त्यांच्यात वैर होतं. सर्वांत जवळची वाचक त्या पुस्तकात कुठेच नाही. एका बाडात तर सुझनवरची कविता ओळीओळीवर शाई फिरवून खरडलेली आहे. वाचकच पुसला की मागे एकटी बाई आणि कपाट एवढंच उरतं. त्याच संग्रहात यमकं गुळगुळीत केली, तिनं ओळींत जागोजागी घातलेले डॅश काढले, शीर्षकं चिकटवली. 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ'ला 'द चॅरियट' हे नाव दिलं आणि चौथं कडवं गाळलं.

मराठी अनुवाद करणाऱ्यांना म्हणून कळकळीची विनंती: नेटवर फुकट मिळतो म्हणून 1890 चा पाठ उचलू नका. टॉमस जॉन्सनची 1955 ची किंवा राल्फ फ्रँकलिनची 1998 ची आवृत्ती घ्या, आणि अनुवादाखाली कवितेचा क्रमांक द्या. दोघांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा कुणाचा ते लिहा. अलाबास्टरची कविता जॉन्सनकडे 216, फ्रँकलिनकडे 124. डॅश ठेवा, त्यांच्या जागी पूर्णविराम घालू नका. हातातल्या पुस्तकाची परीक्षा याच कवितेवर होते. 1890 च्या संपादकांनी 1859 चं आणि 1861 चं, अशी दोन्ही पर्यायी कडवी एकाखाली एक छापली. तिथे सलग तीन कडवी दिसली, तर दोन मैत्रिणींमधला तो सगळा वाद त्या पानानं गिळलेला आहे, आणि ते पुस्तक अनुवादाला घेऊ नये.