पी-टेन लक्षणसमूहातील टॉन्सिलवाढ

पी-टेन (PTEN) जनुकातील बिघाडामुळे शरीरात जागोजागी गाठी होणाऱ्या दुर्मिळ आनुवंशिक आजारात टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची तशीच ऊती) यांची होणारी वाढ. काउडन सिंड्रोम हे या आजाराचे सर्वांत परिचित रूप. १०व्या गुणसूत्रावरचे हे जनुक १९९७ मध्ये सापडले. पेशींच्या वाढीला आवर घालणे हे त्याचे काम; तो आवर सुटला की घशातली लसिका-ऊतीही (टॉन्सिल ज्याचे बनलेले असतात ते) फुगते. म्हणजे टॉन्सिल इथे जंतुसंसर्गाने सुजलेले नसतात आणि अँटिबायोटिकचे कोर्स कितीही झाले तरी ते ओसरत नाहीत.

ताप नाही, घसा दुखत नाही. पण मूल तोंड उघडे टाकून घोरते, मान मागे टाकून झोपते, मध्येच श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो. ‘आजोबाही असेच घोरायचे’ म्हणून घरचे हसण्यावारी नेतात, तिथेच वर्षे जातात. घशाची ७५ टक्क्यांहून अधिक रुंदी टॉन्सिलने व्यापली तर ४+ श्रेणी लिहितात. मुलाला उबळ आली की टॉन्सिल मध्ये सरकून आहेत त्याहून मोठे दिसतात, म्हणून मूल शांत असताना पाहावे.

या आजारात डोके मोठे असते, म्हणून संशयाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मापाची पट्टी. भुवयांच्या वरून डोक्यामागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर घ्यावा. तीन मापांतले सर्वांत मोठे धरावे. वयाच्या मानाने घेर ९७व्या पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे त्या वयाच्या शंभरातल्या ९७ मुलांपेक्षा मोठा) असेल, तर आईवडिलांचेही डोके मोजावे: प्रौढ स्त्रीत ५८, पुरुषात ६० सेंमी ही ढोबळ मर्यादा. मूल उशिरा बोलू लागले असेल, अंगावर चरबीच्या गाठी असतील, तर जनुकचाचणीसाठी रक्त द्यावे. आईवडिलांपैकी एकात बिघाड असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. मात्र बऱ्याच जणांत तो नव्यानेच उद्भवतो, त्यामुळे ‘घरात कुणाला नाही’ यावर विसंबू नये.

टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभर तपासणी, करावी. तासाला श्वास अडण्याचे प्रसंग १० वा अधिक असतील, तर मुलांत तो झोपेतल्या श्वासरोधाचा तीव्र प्रकार. अशा मुलाने शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र ऑक्सिजनवर लक्ष ठेवून रुग्णालयातच काढावी आणि वेदनाशामक म्हणून कोडीन देऊ नये. भूलतज्ज्ञाला आजाराचे नाव सांगणे महत्त्वाचे, कारण जिभेच्या मुळाशी वाढलेली ऊती किंवा थायरॉइडची गाठ श्वासाची नळी घालताना आडवी येऊ शकते. काढलेले टॉन्सिल तपासणीला पाठवावेत, विशेषतः एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असेल तर. चिठ्ठीवर ‘पी-टेन’ लिहायला विसरू नये.

नागपुरात मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधल्या एम्सला छिंदवाडा, बालाघाट, गोंदियाकडचेही रुग्ण येतात. मूल तिसऱ्या दिवशी खेळू लागले की गावी परतायची घाई होते. खपली सुटून होणारा रक्तस्राव बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवशी होतो, तेव्हा दूरच्यांनी तोवर शहरातच थांबावे. मे महिन्यात तर पाणी कमी पडले की घसा कोरडा पडतो आणि गिळणे आणखी दुखते. थंड दूध, मऊ वरणभात चालतो. संत्र्याचा रस आणि पन्हे मात्र आंबटपणामुळे झोंबतात. सावजी रस्सा तर दोन आठवडे विसरावा.

या आजारात ऊती पुन्हा वाढू शकते. घोरणे परतले तर टॉन्सिल काढलेल्या जागेवरच नव्हे, जिभेच्या मुळाशी आणि नाकामागेही दुर्बिणीने पाहावे. थायरॉइडमध्येही गाठी होत असल्याने तिची सोनोग्राफी ७ वर्षांच्या वयापासून दरवर्षी. टॉन्सिल गेले म्हणून ती थांबवायची नसते.