मिठीचे पाणी आणि मिठीची मासळी

मिठी नदीचे नाव निघाले की मुंबईकराला २६ जुलै २००५ चा पूर आठवतो. माहीम आणि धारावीच्या कोळीवाड्यांना मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या मासळी देणारी खाडी म्हणून ठाऊक होती, आणि या बाजूने तिचा इतिहास पाहायचा तर सुरुवात बरीच मागून करावी लागते.

विहार आणि पवई या तलावांचे पावसाळ्यात सांडणारे पाणी एकत्र येऊन मिठी वाहू लागते. आरे, मरोळ, साकीनाका, विमानतळाची धावपट्टी, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी असा सुमारे १८ किलोमीटरांचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात भरतीचे पाणी आत चढत असल्याने तिथे ती निम्मी नदी आणि निम्मी खाडी असते.

मासेमारीचे सारे गणित या निमखाऱ्या पाण्यावर होते. जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले गोड्या पाण्याच्या दिशेने वर चढतात. बोय आणि कोळंबी तिवरांच्या आसऱ्याने वाढतात. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरून पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकायचा, बिळात लोखंडी आकडा घालून चिंबोरी अलगद, तिची नांगी न मोडता ओढून काढायची आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या पकडायच्या, अशी ही पायी चालणारी मासेमारी होती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत खाडीच घर चालवत असे.

ही खाडी एके काळी सरहद्दही होती: दक्षिणेला इंग्रजांची मुंबई, उत्तरेला पोर्तुगिजांचे साष्टी बेट. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून साष्टी घेण्यास सुरुवात केली, त्याच वर्षी इंग्रजांनी धारावीच्या काठावर काळा किल्ला बांधला, आणि तो आजही वस्तीच्या मधोमध उभा आहे. पुढे १८४० च्या दशकात लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे झाला आणि खाडीच्या मुखावर भराव आला. १८६० साली विहार तलाव पुरा होऊन मुंबईला नळाचे पाणी मिळाले. शहराची तहान भागली, पण नदीचे वरचे गोडे पाणी तिथेच अडले. १८९१ मध्ये पवईचा तलाव झाला. त्याचे पाणी पुढे पिण्यायोग्य मानले गेले नाही, तरी प्रवाह अडायचा तो अडलाच. माझ्या मते मिठीच्या दुखण्याचे मूळ इथे आहे, कारण पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत तिच्या पात्रात स्वतःचे पाणी फारसे राहिले नाही, आणि ती जागा पुढे सांडपाण्याने घेतली.

विसाव्या शतकात कुर्ला-साकीनाका पट्ट्यातील कारखाने, तेलाची पिंपे धुण्याचे धंदे आणि मलनिःसारणाविना वाढलेल्या वस्त्या यांचे पाणी नदीत आले. धावपट्टीसाठी पात्र वळवले गेले. १९७७ नंतर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने दलदल आणि तिवरे गेली, म्हणजे पुराचे पाणी पसरण्याची आणि मासळी वाढण्याची जागा एकाच वेळी नाहीशी झाली. २००५ मध्ये सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्यांपैकी पहिली गोष्ट, पुराच्या पाण्याची, सर्वांना कळली. त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण नेमले गेले, पात्र रुंद व खोल करण्यात आले, काठांना भिंती बांधल्या गेल्या. दुसऱ्या गोष्टीची दखल कोळीवाड्यांबाहेर फारशी कोणी घेतली नाही.

माहीमच्या पुलाजवळ ओहोटीच्या वेळी आजही एखादा कोळी पाग फेकताना दिसतो. जाळे वर आले की तो आधी प्लास्टिकच्या पिशव्या वेचून बाजूला काढतो, आणि मग हाताला लागलेल्या चार बोया डब्यात टाकतो.