शक्यता वाढली, म्हणून घाबरायचं?

२०२५च्या फेब्रुवारीत एका लघुग्रहाने बातम्यांना आठवडाभर चांगलं खाद्य पुरवलं. नाव ‘२०२४ वायआर ४’, व्यास साधारण ६० मीटर. २२ डिसेंबर २०३२ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर १ टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाली. ‘धोका वाढला’ असे मथळे झळकले. पुढच्या आठवड्यात तोच आकडा जवळजवळ शून्यावर आला, तेव्हा शास्त्रज्ञांनाच काही कळत नाही असं म्हणायला लोक मोकळे!

पण हा आकडा असाच वागणार होता.

चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला हा लघुग्रह दिसला २७ डिसेंबर २०२४ला. तोवर पृथ्वीजवळून जाऊन तो दूर निघालाही होता. सूर्याभोवती एका फेरीला त्याला सुमारे ४ वर्षं लागतात, म्हणजे २०३२पर्यंत दोन फेऱ्या. थोड्या दिवसांच्या नोंदींवरून कक्षा काढली की तीत बारीकशी चूक राहते. गंमत अशी की ही चूक सगळीकडे सारखी पसरत नाही. फेरीचा काळ थोडासा चुकला तर लघुग्रह वाट सोडत नाही. त्याच वाटेवर जरा पुढे किंवा जरा मागे असतो. दर फेरीला ही तफावत वाढत जाते. म्हणून ‘त्या दिवशी तो कुठे असेल?’ याचं उत्तर एखादा ठिपका नसतो, वाटेवर ताणलेला लांबलचक दोरा असतो.

समजा, या दोऱ्यावर १०० पृथ्व्या ओळीने मावतात आणि आपली पृथ्वी त्यांतल्या एका जागी आहे. धडकेची शक्यता १ टक्का. नवी निरीक्षणं आली, दोरा आखडून ५० पृथ्व्यांएवढा झाला, पृथ्वी अजून आतच. शक्यता २ टक्के. ३३ पृथ्व्यांएवढा झाला की ३ टक्के. लघुग्रह आपल्या वाटेने निमूट चाललाय; कमी झालंय ते आपलं अज्ञान. पुढच्या खेपेला दोऱ्याचं टोक पृथ्वीवरून सरकलं, की आकडा कोसळतो. (खरा दोरा मधे दाट आणि टोकांना विरळ असतो, म्हणून आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो.)

२१ डिसेंबर २०१२ला जग बुडणार म्हणणाऱ्यांच्या भविष्याला असा दोरा नव्हता, त्यामुळे तो आखडण्याचाही प्रश्न नव्हता.

माणसाचं भविष्य काळं की उजळ, या प्रश्नाचं संपूर्ण उत्तर मी देऊ शकत नाही. आपणच ओढवून घेतलेल्या संकटांना न्यूटनचे नियम लागू नाहीत. पण आकाशातल्या या एका संकटापुरता मी आशावादी आहे, आणि कारण पुन्हा तेच, साठत जाणारी चूक. ती आपल्यालाही मुद्दाम करता येते. २६ सप्टेंबर २०२२ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फोसवर, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर आदळलं आणि त्या मोठ्याभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी ३२ मिनिटांनी कमी झाली. वेगातला बदल होता सेकंदाला जेमतेम काही मिलिमीटर.

सूर्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहाला मागून सेकंदाला १ सेंटिमीटरचा धक्का द्या. तो पुढे जाईल असं वाटतं ना? उलट कक्षा मोठी होते, फेरीला जास्त वेळ लागतो आणि तो मागे पडतो. साध्या गुणाकाराने १० वर्षांत ३,१५० किलोमीटर येतात. कक्षेच्या या खोडीमुळे ते सुमारे तिप्पट होतात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, म्हणजे धडक चुकवायला एवढी तफावत पुरू शकते.

अट एकच, तो आधी दिसला पाहिजे. २०१३मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला, जेमतेम २० मीटरचा पाषाण सूर्याच्या बाजूने आला आणि कुणालाच दिसला नाही. १४० मीटरहून मोठ्या, पृथ्वीजवळ फिरणाऱ्या लघुग्रहांपैकी निम्म्याहून जास्त अजून सापडायचे आहेत, असा अंदाज आहे.

सापडलेल्यांपैकी अपोफिस १३ एप्रिल २०२९ला आपल्यापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, भूस्थिर उपग्रहांच्याही आतून जाईल. २००४मध्ये त्याचीही शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती. २०२१च्या रडार निरीक्षणांनंतर त्या दिवसापुरता त्याचा दोरा मोजक्या किलोमीटरांचाच उरला आहे.